रंगाचा हात

जूनअखेरपर्यंत थांबावं लागलं.
पंधरा अंशांखाली रंग पत्र्याला धरत नाही,
असं शेजारचा लॉर्न फेअर म्हणाला, आणि लॉर्न
एका वेळी एकच वाक्य बोलतो,
तेव्हा ते ऐकावं लागतं.

शेडबाहेर कनोला पिवळाजर्द, आभाळाला टेकेपर्यंत.
आत बाबांची एकोणऐंशीची पिकअप,
पोपडे सुटलेली,
उन्हानं सोललेल्या पाठीसारखी.
गेल्या वर्षी यॉर्कटनच्या रस्त्यावर
तिचे तुकडे उडून मागच्याच्या काचेवर बसले.
त्यानं हॉर्न दिला. मी आपला हात हलवला.

कॅलगरीहून ओरेस्टचा फोन: भंगारात दे.
इतक्या लांबून सगळं भंगारच दिसतं.

आधी पातं घेतलं.
वरचा पांढरा निघाला वाळल्या सायीसारखा,
तळहाताएवढा, कशालाच न धरता.
त्याखाली निळा. हा मात्र चिवट.
बाबांनी ब्रशनं मारलेला,
ब्रशचे केस अजून त्यात अडकलेले.
निळ्याखाली कारखान्यातला तपकिरी.

तपकिरी होती तेव्हा मी सतरा वर्षांची.
हॉलमधल्या नाचाहून रात्री परतताना
मागे घेतली ती थेट डिझेलच्या टाकीवर.
डाव्या मागच्या चाकावर पोचा, परातीएवढा.
कॅरागानाच्या कुंपणाला ती बाजू लावून
अनवाणी जिना चढले.

सोमवारी गाडी शेडमध्ये, दार बंद.
शनिवारी निळी.
तपकिरीचा कंटाळा आला, बाबा जेवताना म्हणाले,
आणि बीटाच्या सूपात पाव बुडवला.
आई मरेपर्यंत सांगत राहिली:
पडद्यांना पैसे नाहीत, आणि मेट्रोची गाडी बघा, नवरी!

पोचा गेला होता. मी धरून चालले
की ओरेस्टनं ठोकून काढला असणार.
तेहतीस वर्षं मी त्याच्या बाजूनं बोलले.
दोनदा पैसे दिले, एकदा परतही मागितले नाहीत.

आज ऐंशी नंबरचा कागद फिरवताना
निळ्याखाली तपकिरी आलाच नाही.
गुलाबी आलं. लांबी.
बोटभर जाड, कडेला घोटून घोटून पातळ केलेली,
आणि खालच्या काठाशी, जिथे नजर जात नाही,
अंगठ्याचा ठसा.
रुंद, मधून आडवी चीर गेलेला.
ती चीर मी ओळखते.
गवताच्या गठ्ठ्याच्या दोरीनं कापलेली,
आईनं टाका घातला तेव्हा दिवा मी धरला होता.

ओरेस्टला फोन केला.
कुठला पोचा? तो म्हणाला.

एका पोच्यासाठी अख्खी गाडी रंगवली त्यांनी,
म्हणजे एकाच पत्र्याबद्दल कुणी विचारू नये.
आणि मग बायकोची थट्टा ऐकत बसले,
वर्षानुवर्षं, तीच ती, पाहुण्यांसमोर.

लॉर्न वाकून बघून म्हणाला,
काढावी लागेल, खाली गंज आहे.
छिन्नीनं अलगद उचलली. एकसंध निघाली,
तडकलेल्या बशीसारखी.
खाली माझा पोचा, जसाच्या तसा,
नाण्याएवढ्या दोन गंजक्या भोकांसकट.

बशी खिडकीत ठेवली.
भोकं बुजवली, नवी लांबी भरली,
ऐंशी, दोनशेवीस, चारशे.
अस्तर मारलं. जमिनीवर पाणी शिंपडलं धूळ बसावी म्हणून.
दुकानदारानं विचारलं, कुठला निळा?
मी बाबांच्या रंगाची खपली त्याच्या पुढ्यात ठेवली.

पहिला हात पातळ.
दुसरा हात थोडा ओघळला, संत्र्याच्या सालीसारखा दिसतोय.
तिसऱ्या हातात एक डास चिकटला, पाय हलवत.
लॉर्ननं कॉम्प्रेसर बंद केला.
राहू दे, वाळल्यावर घोटू, म्हणाला.
मी नळी गुंडाळायला लागले.
तो दारात थांबला, टोपी काढली, परत घातली.
त्या रात्री टॉर्च मी धरला होता, म्हणाला.